उन्हाकडे धरलेली पुंगळी

"सोनं काढलंत छबूबाई, सोनं!"

नानासाहेबांचा आवाज मुळातच कवायतीचा. फौजेतून सुभेदार म्हणून सुटून वीस वर्षं झाली, तरी समोरच्याशी बोलतात ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावं असं. छबूच्या दारात ते जे बोलले ते माझ्या दारात मला ऐकू येऊ नये, अशी काही सोयच नव्हती. मी खाटेवर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून बारावा दिवस होता. धड दिसत नव्हतं, पण कान मेले शाबूत होते.

"बारा वर्षं मी हे काम करून घेतोय, पण अशी चमक पाहिली नाही."

बारा वर्षं! ती बारा वर्षं माझी होती हो. दर शनिवारी स्कूटर माझ्या दारात थांबायची, पिशवी माझ्या ओट्यावर यायची. पिशवीत काय, तर बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. चाकणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला नेमबाजीचं मैदान आहे, तिथे आधी नानासाहेब स्वतः नेम धरायचे, आता त्यांची नात अनुया सराव करते. गोळी पुढे जाते, पितळेची पुंगळी मागे उरते, काजळीने काळी ठिक्कर. ती धुऊन, घासून, वाळवून दिली की नानासाहेब पुन्हा भरतात. परवाना आहे त्यांचा, काचेच्या चौकटीत लावलेला. भरायचं काम ते स्वतः करतात, कुलपातल्या खोलीत. तिथे कोणाला शिरू देत नाहीत. पण पितळ मात्र माझ्या हातचं. भोसरीच्या एमआयडीसीत नळाच्या तोट्यांच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं पॉलिशला होते. ते बंद पडलं आणि कोणीतरी माझं नाव नानासाहेबांना सांगितलं. लोक म्हणत, मंजुळाबाईच्या हातात पितळ बोलतं. मला ते खरंच वाटायचं.

आणि छबूला हे काम दिलं कोणी? मीच. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचे नाहीत. भिंतीला भिंत लागून छबूची खोली. एकटी बाई, नवरा गेलेला, लेक सासरी. म्हटलं, तेवढा महिना सांभाळ गं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!

नानासाहेब मग माझ्या दारात आले. "काय मंजुळाबाई, डोळा काय म्हणतो?"

"बरा आहे म्हणतो."

"हे बघा तुमच्या चेलीचं काम." असं म्हणून त्यांनी माझ्या तळव्यावर एक पुंगळी ठेवली.

मला नीट दिसलं नाही, पण बोटांना कळलं. आरशासारखी गुळगुळीत होती. चिंचेने अशी होत नाही. मी ती नाकाजवळ नेली आणि तो वास सणकन मेंदूत गेला. बाटलीतल्या पॉलिशचा वास. नाक चुरचुरणारा, डोळ्यात पाणी आणणारा.

नानासाहेबांना तो येणं शक्यच नव्हतं. माणूस दिवसभर तपकीर ओढतो, त्यांच्या नाकाने कधीच राजीनामा दिलाय.

आता ही बाटली म्हणजे काय, ते मला बारा वर्षांपूर्वी कळलं होतं. पहिल्याच शनिवारी मी हौसेने सगळ्या पुंगळ्या बाटलीतल्या पॉलिशने लख्ख करून दिल्या होत्या. नानासाहेब ओरडले नाहीत. एक पुंगळी त्यांनी तशीच फडताळात ठेवली आणि काही दिवसांनी भिंगाखाली मला दाखवली. तिच्या मानेवर केसाएवढी चीर होती. म्हणाले, "या औषधाने वर चमक येते, पण आतून पितळ ठिसूळ होतं. अशी पुंगळी भरली तर फुटते, आणि जाळ पुढे जायच्या ऐवजी मागे येतो. नेमबाजाचा गाल बंदुकीला टेकलेला असतो, बाई." त्या दिवसापासून चिंच, रिठा आणि चिमूटभर मीठ. चहाला उकळी येईपर्यंत भिजवायचं, जास्त नाही, नाहीतर पितळ तांबूस पडतं. तीन पाण्यांनी धुवायचं, गोणपाटावर उपडं वाळवायचं. मग बांबूच्या काडीला मऊ धोतराची चिंधी गुंडाळून आतून पुसायचं, आणि प्रत्येक पुंगळी उन्हाकडे धरून आत बघायचं.

हे सगळं मी छबूला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. बाटलीचं तेवढं सांगायचं राहिलं. देवाशपथ, राहिलंच. काडी मात्र मी दिली नाही. ती माझी, मीच तासलेली. छबूला म्हटलं, तू तुझी कर. तेवढा कद्रूपणा मी जाणूनबुजून केला.

"सगळं सांगितलंत ना त्यांना?" नानासाहेब विचारत होते. "बाटलीच्या पॉलिशचं वगैरे?"

माझ्या तळव्यावर पुंगळी होती. नाकात वास होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"सांगितलं की," मी म्हणाले.

ते गेले. मी बसून राहिले आणि स्वतःची समजूत घालत राहिले. नानासाहेब भरण्याआधी प्रत्येक पुंगळी भिंगाखाली बघतात. आज ना उद्या चीर सापडेलच त्यांना. मग छबूची चमक उघडी पडेल, पिशवी मुकाट्याने माझ्या दारात येईल, आणि कोणाला काही इजाही व्हायची नाही. मी काय केलं? काहीच नाही केलं. गप्प बसले, एवढंच.

संध्याकाळी आमचे हे, दत्तोबा, कंपनीच्या गेटवरची ड्यूटी संपवून आले. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी हवा हुंगल्यासारखं केलं.

"काहीतरी जळतंय का गं?"

"कुठे? गॅस बंद आहे."

"मग तूच असशील."

"चहा प्या गप्प."

"नानासाहेब कोपऱ्यावर भेटले होते. छबूबाईचं काय कौतुक! मी म्हटलं, घरी बोलू नका, टाके उसवतील."

असा राग आला म्हणता! या माणसाला चाळीस वर्षांत माझ्या मनातलं एकही चांगलं कधी ओळखता आलं नाही, वाईट तेवढं बरोबर ओळखतो.

मंगळवारी छबू माझ्यासाठी भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आली. रोजच आणायची. ऑपरेशन झाल्यापासून सकाळची भांडीही तीच घासून जायची. छबू खेडच्या बाजूची, राजगुरुनगरच्या पलीकडल्या गावची. साठी आली तरी तोंडातलं गाव गेलं नाही. गल्लीच्या टोकाच्या देवळातल्या समया आणि घंटा तीच घासते, फुकट, देवासाठी. बाटली तिथूनच आली होती, हे न सांगता कळत होतं.

"मंजू, येक इचारू का?" ती दारातच उकिडवी बसली. "माझ्या हातनं काय चुकत असंल तर सांग बाई. ते सायेब लई नावाजत्यात, पर मला आपली धाकधूक. बंदुकीचं काम हाय."

बघा. तिने विचारलं. कमीपणा घेऊन, हात जोडल्यागत विचारलं. खरं बोलायची याहून मोठी संधी देव काय देणार?

"सगळं बरोबर आहे," मी म्हणाले.

"व्हय ना? मंग बरं." ती हसली. "तुझ्या डोळ्याला आराम पडला की तुझं काम तुझ्या पदरात. माझं आपलं राखणीपुरतं."

मला ते हसणंसुद्धा सोसलं नाही. वाटलं, मोठी आली दानशूर, माझंच काम मला परत देणारी. भाकरी गोड लागली नाही, पण खाल्ली.

पुढच्या शनिवारी स्कूटर आली ती सरळ छबूच्या दारात. नानासाहेबांनी माझ्याकडे लांबूनच हात केला. तिसऱ्या शनिवारी ते आलेच नाहीत, सकाळी अनुया आली.

अनुया सात वर्षांची असल्यापासून माझ्या ओट्यावर खेळलेली पोर. माझ्याबरोबर पुंगळ्या मोजता मोजता ती शंभरापर्यंत आकडे शिकली. आता एकोणीस वर्षांची झालीय, उंच, खांदे मुलासारखे, पण बोलणं अजून तसंच एका दमात. आली ती माझ्या खाटेवरच बसली.

"मावशी, औषध घातलं का डोळ्यात?"

"हे घालतील आल्यावर."

"काका संध्याकाळी येणार. वेळेवर नको का? मान मागे करा."

तिने माझा चष्मा काढला. एका हाताने पापणी धरली आणि थेंब सोडला. तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता. आता मला दिसायला लागलं होतं. तिची भुवई दिसली, भुवईखालचा तीळ दिसला, डोळे दिसले. स्वच्छ, मोठे, एकदम पांढरे आणि काळे.

"मिटा आता. चोळायचा नाही हं. डोळा जपा मावशी. आमच्यात म्हणतात, हात थरथरला तर सवयीने सुधारतो, डोळा गेला तर काही उरत नाही."

"उद्या मॅच ना गं तुझी?"

"हो! पहिल्यांदाच राज्याची. सगळी काडतुसं तयार आहेत. छबूमावशींच्या पुंगळ्यांची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबांना सांगू नका मी बोलले म्हणून, पण त्यांना हल्ली भिंगातूनही नीट दिसत नाही. या वेळी तर तपासल्याच नाहीत. म्हणाले, छबूबाईंच्या कामाला भिंग लागत नाही."



अनुया उठली. तिची एक जुनी रीत होती. मॅचच्या आदल्या दिवशी माझ्याकडून एक घासलेली पुंगळी घ्यायची आणि ती खिशात ठेवून खेळायचं. बारा वर्षांची असल्यापासून. मी आपसूक हात पुढे केला, उशाखाली मी एक जपून ठेवली होती, ती द्यायला. पण ती दाराकडे वळली होती.

"छबूमावशींकडून घेते या वेळी," ती म्हणाली. "त्यांच्याच पुंगळ्यांवर खेळणार ना, म्हणून."

भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं. खरं सांगते, त्या क्षणीही माझा जळफळाट झाला. पोरीच्या डोळ्याची भीती वाटायच्या आधी मला त्या एका पुंगळीचा हेवा वाटला. मग अनुयाची स्कूटर सुरू झाली, आवाज लांब गेला, आणि उरली ती फक्त भीती.

फोन करता आला असता. फोन हातात घेतलाही होता. पण हे फोनवर सांगितलं असतं तर मी निम्मंच सांगितलं असतं, मला मी पक्की ठाऊक आहे. पदर डोक्यावरून घेतला, काळा चष्मा लावला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच रस्त्यावर आले. शेअर रिक्षात दोन कामगारांच्या मध्ये दाटीने बसले. उन्हाने डोळ्यातून पाणी वाहत होतं. एकजण म्हणाला, "काय झालं मावशी, रडताय का?" मी म्हटलं, "ऑपरेशन झालंय रे." दोन्ही खरं होतं.

नानासाहेबांच्या बंगल्याचा वरचा मजला. कुलपाची खोली उघडी होती. टेबलावर काडतुसं डब्यात ओळीने उभी, दाटीने, पिवळीधमक. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"नानासाहेब, त्या भरलेल्या वापरू नका. छबूने बाटलीचं पॉलिश लावलंय."

 ते खिडकीत गेले, उरलेल्या रिकाम्या पुंगळ्यांतली एक घेतली, भिंग लावलं. दुसरी घेतली. तिसरी.  अनुया आवाज ऐकून जिन्यातून वर आली आणि माझ्या मागे येऊन थांबली.

पाचवी पुंगळी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. मग भिंगासकट अनुयाच्या हातात दिली.

"मानेवर बघ."

अनुयाने पाहिलं. तिचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला.

"तुम्ही त्यांना सांगितलं होतं म्हणालात," नानासाहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता.

"खोटं बोलले. मी सांगितलंच नव्हतं."

"आणि कळलं कधी तुम्हाला?"

"तुम्ही हातावर पुंगळी ठेवलीत ना, तेव्हाच. वास आला होता. दोन आठवडे झाले."

"का हो, मंजुळाबाई?"

काय सांगणार? वय झालं, डोळे गेले, डोकं फिरलं, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. "तुम्ही तिचं कौतुक केलंत," मी म्हणाले. "मला सोसलं नाही."

खाली रस्त्यावरून कंपनीची बस गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. नानासाहेबांनी डब्याचं झाकण लावलं. फोन उचलला आणि कोणालातरी सांगितलं की उद्या अनुयाचं नाव मागे घ्या. ज्या काडतुसांवर हात बसलाय ती सोडून उसन्या काडतुसांवर राज्याची मॅच खेळता येत नाही, एवढं मलाही कळत होतं. वर्षभराची तिची मेहनत त्या एका फोनमध्ये गेली.

अनुया रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मावशी, सकाळी मी डोळ्यात थेंब घालत होते, तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

तिने मान हलवली आणि जिना उतरून गेली. खिशातली छबूकडची पुंगळी तिने जाता जाता कठड्यावर ठेवली. ती टिक्क वाजली.

नानासाहेब मला फाटकापर्यंत सोडायला आले. फौजी माणूस, रीत सोडत नाही. फाटकाशी म्हणाले, "छबूबाईंना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. काम त्यांच्याकडेच राहील."

"बरोबर आहे," मी म्हणाले. आणि बरोबरच होतं.

घरी आले तशी आधी छबूच्या दारात गेले आणि तिलाही सगळं सांगितलं. ती समई घासत बसली होती. हातातली राखाडी झालेली चिंधी तिने खाली ठेवली.

"मी इचारलं हुतं तुला," ती म्हणाली. "तोंडानं इचारलं हुतं."

"हो गं."

"पोरीचा डोळा गेला असता माझ्या हातनं. माझ्या हातनं! तू बसली असतीस हितं खाटंवर, अन् मी जलमभर हे हात बगत राह्यले असते." ती उठली, फळीवरची बाटली घेऊन मोरीत उपडी केली आणि माझ्या तोंडावर दार लावलं. बाटलीचा वास गल्लीभर पसरला.

दत्तोबांना सांगितलं. वाटलं, हा माणूस आता काहीतरी टोचून बोलणार. पण त्यांनी नुसती औषधाची बाटली घेतली, माझ्या डोळ्यात थेंब घातला आणि म्हणाले, "झोप." त्यापेक्षा टोचून बोलले असते तर परवडलं असतं.

आठवडाभर छबूचं दार माझ्यासाठी बंद. भाकरी नाही, भांडी नाही. भांड्यांचा ढीग मीच बसल्या बसल्या कसाबसा आवरला. आपल्याला कोण काय होतं, ते मोरीत कळतं.

शनिवारी स्कूटर आली. पिशवी छबूच्या ओट्यावर ठेवून नानासाहेब मला नमस्कार करून गेले, पूर्वीसारखाच, पण थांबले नाहीत. छबूने पिशवी उघडली, पुंगळ्या परातीत ओतल्या आणि तशीच बसून राहिली. हात लावेना. भ्यायली होती.

मी घरात गेले. खुंटीवरची काडी काढली. चिंधी जुनी झाली होती, यांच्या धोतराची नवी गुंडाळली, दोऱ्याने आवळली. चिंचेचा गोळा आणि रिठे घेतले आणि तिच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. छबू बस म्हणाली नाही. मी आपली खालच्या पायरीवर बसले.

"एवढ्याला लिंबाएवढी चिंच," मी म्हणाले. "जास्त नको. चहाला उकळी आली की काढायच्या. ही काडी आतून फिरवायची, सरळ नाही, पीळ देऊन. आणि ओली एकही ठेवायची नाही."

तिने चिंच भिजत घातली. मी सांगत गेले, ती करत गेली. काही म्हणता काही हातचं राखलं नाही. वर्कशॉपमध्ये शिकलेलं, स्वतः चुकून कळलेलं, सगळं सांगून टाकलं. दुपारी गोणपाटावर पुंगळ्या उपड्या वाळत पडल्या. चिंचेची चमक, जरा मंद, पण खरी. बाई चांगलं काम करते. माझ्यापेक्षा चांगलं. डोळा आता लख्ख झालाय माझा, त्यामुळे तेही स्पष्ट दिसलं.

तिने पहिली पुंगळी पुसली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे हात केला.

"तुझा डोळा नवा हाय. बग, आत चीर हाय का. खरं सांग."

मी पुंगळी उन्हाकडे धरली. आतून पितळ स्वच्छ होतं, टोकाशी उन्हाचा गोल ठिपका. मानेवर नख फिरवलं, कुठे अडलं नाही. नाकाशी नेली, वास नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "चांगली आहे."

छबूने ती माझ्या हातातून घेतली. पुन्हा उन्हाकडे धरली, एक डोळा मिटून स्वतः नीट आत पाहिलं, आणि मगच परडीत टाकली.